कॅश आयसा: यादीतला पहिला दर आपला असेलच असं नाही

मार्च संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट यायला लागतात. यंदाचा पहिला इंग्लंडात रेडिंगला राहणाऱ्या मावसभावाचा होता. कॅश आयसाच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यांच्या, व्याजदरांची यादी, वरच्या दोन ओळींभोवती बोटाने काढलेला लाल गोल आणि खाली एवढंच: "दादा, ४.५० आणि ४.२०. वरचाच घ्यायचा ना?"

मी विचारलं, "पैसे कधी लागणार आहेत?"

"माहीत नाही."

"पगार पन्नास हजारांच्या वर गेला का?"

"त्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो फोनवर सांगता सांगता माझा चहा गार झाला. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे एकदा तरी समजावून सांगावं लागतं, म्हणून या वेळी लिहूनच काढतोय. पुढचे व्याजदर गणितासाठी घेतलेले आहेत, आजचा बाजारभाव समजू नका. नियम मात्र खरे आहेत.

आयसा ६ एप्रिल १९९९ पासून आहे. त्याआधी करसवलतीच्या टेसा (बचतीची) आणि पेप (शेअर वगैरेंची) अशा दोन योजना होत्या. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना त्यांच्या जागी हा आला. आपल्याकडून गेलेल्या माणसाला तो पीपीएफचा भाऊ वाटतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. पीपीएफचा दर सरकार ठरवतं. स्टेट बँकेत काढा नाहीतर गावच्या पोस्टात, दर तोच. एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला तो पुढे वर्षानुवर्षं तसाच राहिला. आयसाच्या बाबतीत सरकार एवढंच म्हणतं की आतल्या व्याजावर कर नाही. व्याज किती द्यायचं ते प्रत्येक बँक आपापलं ठरवते आणि हवं तेव्हा बदलते. दुसरं म्हणजे, पैसे भरले म्हणून ८०सीसारखी वजावट इथे मिळत नाही. कर कापून हातात आलेल्या पगारातूनच भरायचं.

मी आयसाला डबा म्हणतो. कॅश आयसा म्हणजे व्याज देणारा डबा, शेअर वगैरेंचा वेगळा असतो. डब्यातल्या पैशाच्या व्याजाला कर लागत नाही. वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत नवे पैसे डब्यात टाकता येतात, वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आणि न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी मिळत नाही. आत आधीच साठलेले पैसे आणि त्यांचं व्याज या मर्यादेत धरत नाहीत. डबा ज्याचा त्याचा असतो, नवरा-बायकोचा मिळून एक काढता येत नाही. म्हणजे घरात दोन कमावते किंवा न कमावते प्रौढ असतील तर मर्यादाही दोन. एप्रिल २०२४ पासून एका वर्षात कितीही बँकांत कॅश आयसा उघडता येतात, बेरीज २०,००० च्या आत ठेवली की झालं. त्याआधी वर्षाला एकच, अशी अट होती आणि अजूनही लोक ती खरी धरून बसलेले दिसतात.

ही मर्यादा बदलतेय. २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जाहीर केलं की ६ एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालच्यांना कॅश आयसात वर्षाला १२,००० पौंडच टाकता येतील. एकूण आयसाची मर्यादा २०,००० च राहील, पण उरलेले ८,००० शेअर वगैरेंच्या आयसात. ६५ च्या पुढच्यांना जुनाच नियम. त्यामुळे दराची तुलना करत वर्ष घालवणाऱ्यांनी आधी मर्यादेकडे बघावं, असं माझं मत. पाव टक्का पुढेमागे मिळवता येतो, हुकलेलं वर्ष परत मिळत नाही.

आता तो लाल गोल.

दर लिहिताना बँका एईआर नावाचा आकडा देतात. व्याजावरचं व्याज धरून वर्षाअखेर हातात किती पडेल, तो हा आकडा. महिन्याला व्याज देणारं खातं "४.४१ टक्के" म्हणत असेल आणि वर्षाला देणारं "४.५०", तर दोन्ही सारखीच आहेत, कारण महिन्याचं व्याज खात्यातच राहिलं तर ४.४१ चे वर्षाअखेर ४.५० होतात. म्हणून तुलना नेहमी एईआरची एईआरशी करायची. एवढं कळलं की निम्मे गोंधळ मिटतात. पण एईआर खाली मान घालून गणित करतो, तो अटी वाचत नाही.

मावसभावाच्या ४.५० च्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: यात १.५० टक्के बोनस, बारा महिन्यांसाठी. म्हणजे खात्याचा मूळ दर ३ टक्के. दुसऱ्या ओळीतल्या ४.२० मध्ये बोनस नव्हता. दहा हजार पौंड टाकले तर पहिल्या वर्षी इकडे ४५० आणि तिकडे ४२०. तीस पौंडांचा फायदा. दुसऱ्या वर्षी बोनस गेला आणि आपण विसरलो, तर इकडे १०,४५० वर ३ टक्क्यांनी ३१३ पौंड ५० पेन्स. तिकडे दर तसाच राहिला असं धरलं तर १०,४२० वर ४३७ पौंड ६४ पेन्स. दोन वर्षांत वरच्या ओळीतलं खातं ९४ पौंडांनी मागे.

याचा अर्थ बोनसवालं खातं वाईट असा नाही. बारा महिने झाल्या झाल्या पैसे दुसरीकडे हलवणाऱ्यासाठी ते चांगलंच आहे. बँकेचा हिशेब विसरणाऱ्यांवर चालतो. तुम्ही विसरणाऱ्यांतले आहात का, हे तुमच्या घरच्यांना विचारा, ते खरं सांगतील.

दुसरी बारीक ओळ पैसे काढण्याची. नाव "ईझी ॲक्सेस" असलं तरी काही खात्यांत वर्षातून तीनच वेळा पैसे काढायला मुभा असते. चौथ्यांदा काढलेत की दर धाडकन खाली. काहींत शिल्लक अमुक रकमेखाली गेली तर दर बदलतो. आणि काही ठिकाणी तो झळकणारा दर फक्त नव्या पैशांना असतो. दुसऱ्या बँकेतला जुना आयसा इकडे आणायचा म्हटलं तर घेतच नाहीत. ज्याच्याकडे गेल्या सहा वर्षांचे पैसे डब्यात आहेत, त्याच्यासाठी ती ओळ यादीत नाहीच असं समजायचं.

मग फिक्स्ड. आपल्या एफडीसारखंच, एक, दोन, तीन, पाच वर्षं दर बांधलेला. ईझी ॲक्सेसचा दर बँक कधीही खाली आणू शकते, हा कमी करू शकत नाही. बँक ऑफ इंग्लंडचा बेस रेट, म्हणजे ज्याच्या मागोमाग बाकी बँकांचे दर हलतात तो दर, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर जाऊन थांबला होता, ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबर २०२५ मध्ये ३.७५ वर आला. त्या उतरणीच्या सुरुवातीला ज्यांनी दोन वर्षं बांधून टाकली, ते मजेत राहिले. ज्यांनी २०२१ मध्ये बेस रेट ०.१ टक्का असताना पाच वर्षांसाठी बांधली, त्यांना २०२३ मध्ये शेजाऱ्याचा दर बघवत नव्हता. पुढे काय होणार हे सांगणाऱ्याचं ऐकू नये, माझंही नाही. विचारायचा प्रश्न एवढाच की हे पैसे मधेच लागतील का.

कारण फिक्स्ड आयसा मोडता येतो. साध्या फिक्स्ड खात्यात मुदतीआधी हात घालू देत नाहीत, आयसाच्या नियमांत मात्र पैसे काढण्याचा किंवा हलवण्याचा हक्क राखलेला आहे. त्याची किंमत व्याजातून कापतात. एका वर्षाच्या खात्यावर ९० दिवसांचं व्याज, असा दंड धरू. दहा हजार, ४.४० टक्के. दोन महिन्यांत आई आजारी पडली, तिकीट काढायचंय, खातं मोडलं. साठ दिवसांचं व्याज झालं ७२ पौंड. दंड १०८. म्हणजे ३६ पौंड मुद्दलातून गेले. खातं उघडताना दराखालोखाल मी हीच ओळ शोधतो.

आता पगाराचा संबंध. हा भाग थोडा किचकट आहे, पण खरी तुलना इथेच होते.

बँकेतल्या साध्या बचत खात्यावरच्या व्याजालाही सगळा कर लागतो असं नाही. एप्रिल २०१६ पासून आयकराच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला वर्षाला १,००० पौंड व्याज माफ आहे, ४० टक्क्यांच्या टप्प्यात ५०० आणि त्याच्याही वर, म्हणजे १,२५,१४० पौंडांपुढे, शून्य. साध्या खात्यांचे दर आयसापेक्षा बरेचदा थोडे जास्त असतात. मग आयसा कशाला?

मावसभावाचा पगार ४७,००० पौंड, शिल्लक १५,०००. समजा साधं खातं ४.६० देतं आणि आयसा ४.२०. साध्या खात्यात ६९० पौंड व्याज, हजाराच्या आत, कर शून्य. आयसात ६३०. या वर्षापुरतं बघितलं तर साधं खातं साठ पौंडांनी पुढे. आयसाच्या जाहिरातींत हे कुणी सांगणार नाही.

पण त्याला बढती मिळणार आहे, पगार ५१,०००. इथे ५०,२७० ही रेषा आहे, तिच्यापुढे ४० टक्क्यांचा टप्पा. ती ओलांडली की माफी एका फटक्यात ५०० वर येते. आता ६९० पैकी १९० वर ४० टक्के कर, म्हणजे ७६ पौंड. हातात ६१४. आयसाचे ६३० तसेच. खाती तीच, दर तेच, फक्त पगाराची स्लिप बदलली आणि निकाल फिरला. एप्रिल २०२७ पासून व्याजावरचे कराचे दरही दोन टक्क्यांनी वाढणार आहेत, २० चे २२, ४० चे ४२. तेव्हा फरक आणखी रुंदावेल.

यात एक खोच आहे. माफ असलेलं व्याजसुद्धा तुमचं उत्पन्न म्हणून मोजलं जातं. पगार ४९,९०० असला तरी ६९० पौंडांच्या व्याजाने रेषा ओलांडली जाते. तसंच एक लाखाच्या रेषेचं. तिच्यावर जाणाऱ्या प्रत्येक दोन पौंडांमागे १२,५७० पौंडांच्या करमुक्त उत्पन्नातला एक पौंड कमी होतो, मुलांच्या पाळणाघरासाठीची सरकारी मदत बंद होते ती वेगळीच. लंडनमध्ये आयटीत किंवा एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, वरच्या पदावर असलेली कितीतरी मराठी घरं या रेषेच्या आसपास आहेत. आयसातलं व्याज उत्पन्नात धरतच नाहीत. त्यांच्यासाठी दर अर्धा टक्का कमी असला तरी डबाच भला.

आणि पुन्हा, हा एका वर्षाचा खेळ नाही. आज पंधरा हजार आहेत म्हणून माफीत बसतं. घराच्या डिपॉझिटसाठी साठवत पन्नास हजार झाले की ४.५० टक्क्यांनी २,२५० पौंड व्याज होतं, माफी तेवढीच राहते. त्या दिवशी सगळे पैसे एकदम डब्यात टाकता येत नाहीत, दर वर्षी मर्यादेएवढेच. म्हणून दोन्ही दर जवळजवळ असतील तर मी आयसाकडे झुकतो.

डब्यातून बाहेर काढलेल्या पैशाचं काय होतं, यावर मी स्वतः शिकलोय, पैसे भरून. नवा होतो तेव्हा एका बँकेत माझे तीन वर्षांचे मिळून ११,४०० पौंड आयसात होते. दुसरीकडे दर बरा दिसला. मी आपला पठ्ठ्या, ऑनलाइन गेलो, सगळे पैसे करंट अकाउंटमध्ये घेतले आणि तिकडे भरले. व्याज वाढलं, पण ते ११,४०० त्या वर्षीचे नवे पैसे म्हणून मोजले गेले आणि वर्षाची निम्म्याहून जास्त मर्यादा जुन्याच पैशांवर खर्च झाली. करायचं असं की नव्या बँकेत खातं उघडायचं, त्यांचा ट्रान्सफर फॉर्म भरायचा आणि गप्प बसायचं. पैसे बँक ते बँक जातात, तुमच्या हाताला लागत नाहीत, कॅशमधून कॅशमध्ये असेल तर कामकाजाच्या पंधरा दिवसांत व्हायला हवं. मर्यादेला धक्का नाही.

"फ्लेक्झिबल" लिहिलेला आयसा थोडा वेगळा. त्यातून तीन हजार काढले, भारतात जाऊन आलात, ५ एप्रिलच्या आत परत भरले तर ते नवे मोजत नाहीत. सगळ्या बँका ही सोय देत नाहीत आणि यादीत हा शब्द अनेकदा दिसतही नाही, आत जाऊन शोधावा लागतो. ज्यांचे पैसे सतत आत-बाहेर होतात त्यांनी ०.१ टक्क्यापेक्षा हा शब्द मोठा मानावा.

सुरक्षिततेचं थोडक्यात: बँक बुडाली तर ठेवी भरून देणारी एफएससीएस नावाची योजना आहे, तिच्यात १ डिसेंबर २०२५ पासून एका बँकेमागे एका माणसाचे १,२०,००० पौंड संरक्षित आहेत, आधी ८५,००० होते. मोजणी परवान्यावर होते, पाटीवर नाही. एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट या दोन पाट्या, परवाना एक. नाव ऐकलेलं नसलेल्या छोट्या बँकेचा दर वर दिसला आणि ती या योजनेत असली, तर मर्यादेच्या आत पैसे ठेवायला घाबरायचं कारण नाही.

राहता राहिला भारत. स्क्रीनशॉटनंतर दोन दिवसांनी मावसभावाने विचारलं, "हे सगळं कशाला, एनआरई एफडीच करतो, ती पण करमुक्त." एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयातलं खातं. करमुक्त आहे, पण भारतात. ब्रिटनचा रहिवासी म्हणून ते व्याज इथल्या उत्पन्नात दाखवावं लागतं. तीच गोष्ट पीपीएफच्या व्याजाची. आधीची दहा वर्षं ब्रिटनचे रहिवासी नसलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, एप्रिल २०२५ पासूनचा नियम. पण ती मागितली की त्या वर्षीचं १२,५७० चं करमुक्त उत्पन्न सोडावं लागतं. एका एफडीच्या व्याजासाठी हा सौदा बहुतेकांना परवडत नाही. शिवाय एनआरई रुपयात, खर्च पौंडात. सात टक्के आणि साडेचार टक्के शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने मधला रुपयाचा भाव धरलेलाच नसतो.

उलट्या बाजूने तेच. ब्रिटन सोडून पुण्याला परत गेलात तर आयसा बंद करावा लागत नाही, आतले पैसे तसेच ठेवता येतात. नवे मात्र टाकता येत नाहीत. अनिवासी झाल्यावर पीपीएफचं नवं खातं काढता येत नाही पण जुनं मुदतीपर्यंत चालवता येतं, त्याचीच थोडी आठवण होते. पण भारताच्या आयकर खात्याला आयसा माहीत नाही. परतल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं "निवासी पण सामान्यतः निवासी नाही" या दर्जात सुटका असू शकते. तो संपला की जगभरातलं उत्पन्न करपात्र होतं, आयसाचं व्याजही, आणि खातं विवरणपत्रात दाखवावं लागतं. ज्याला दोन वर्षांत परत जायचंय, त्याने पाच वर्षांचा फिक्स्ड आयसा दर चांगला म्हणून घेऊ नये, एवढा अर्थ त्यातून निघतो.

मावसभावाने शेवटी काय केलं? आठ हजार एका वर्षाच्या फिक्स्डमध्ये टाकले आणि सात हजार त्या ४.५० वाल्या बोनसच्या खात्यात. मी म्हटलं, बोनस संपायची तारीख लिहून ठेव. त्याने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा फोटो पाठवला. पुढच्या वर्षीचं अजून आलेलं नाही, म्हणून डिसेंबरच्या पानावर सगळ्यात खाली, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, लाल पेनाने लिहिलंय: "नवीन कॅलेंडर आलं की २९ मार्चला गोल करणे."